जुन्या गेमशी खोटं कसं बोलावं

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा गेम नव्या कॉम्प्युटरवर टाकला आणि पडद्यावर भलतंच काही दिसू लागलं, की नवखा माणूस आधी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अपडेट करतो. करू नये. नव्याला आणखी नवं केल्याने जुन्याचं समाधान होत नसतं. गेम 1999 सालचा असेल तर त्याला 1999 सालच हवं असतं. निवृत्त मामलेदार गावाहून मुलाकडे राहायला आले, की त्यांना कोणी सांगत बसत नाही की नाना, तुमच्या तालुक्याचे आता दोन तालुके झालेत आणि सातबारा मोबाइलवर दिसतो. ‘हो नाना, सगळं तुमच्या वेळेसारखंच चाललंय,’ म्हणायचं आणि चहा पुढे करायचा. प्रस्तुत मार्गदर्शिकेत याहून वेगळं तंत्रज्ञान नाही. कोणत्या लक्षणावर कोणती थाप चालते, तेवढं नीट समजून घ्यावं.

पहिली थाप किरकोळ आहे आणि ती विंडोजच पुरवतं. गेमच्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी. तिथे ‘विंडोज 98’ निवडलं, की गेमने ‘कुठलं विंडोज?’ विचारल्यावर कॉम्प्युटर निर्लज्जपणे ‘98’ सांगतो. खालीच 256 रंगांची आणि 640 बाय 480ची अशा आणखी चौकटी असतात. उत्साही मंडळी सगळ्यांवर एकदम टिका मारतात. मग गेम चालला तरी कशाने चालला ते कळत नाही, आणि नाही चालला तर कशाने अडला तेही कळत नाही. एका वेळी एकच थाप मारावी.

आता मुख्य रोगाकडे वळू. एज ऑफ एम्पायर्स टू, साल 1999. गेम सुरू होतो, आवाज येतो, गावकरी इमानेइतबारे लाकडं तोडतात. पण गवत लाल आणि पाणी जांभळं. विंडोज 7 आलं तेव्हा अनेकांच्या साम्राज्यावर असा शिमगा झाला होता. मॉनिटरची केबल हलवून बघणं, मॉनिटरला चापट मारणं हे उपचार इथे लागू पडत नाहीत. कारण समजून घ्या. या गेमला एका वेळी 256च रंग ठाऊक असतात. पडद्यावरच्या ठिपक्यासाठी रंग लिहिलेला नसतो, नुसता क्रमांक असतो, समजा 87. 87 म्हणजे कोणता रंग, हे एका तक्त्यात बघायचं. त्या तक्त्याला म्हणतात पॅलेट, आणि तो साऱ्या प्रोग्रॅम्समध्ये सामाईक. गेम पडदाभर पसरून तक्त्यात आपले रंग भरतो न भरतो, तोच मागून विंडोज एक्सप्लोरर उठतो (टास्कबार आणि डेस्कटॉप सांभाळणारा तोच तो) आणि तक्त्यातल्या काही घरांत स्वतःचे रंग भरून मोकळा होतो. क्रमांक तेच, रंग भलते. पहिल्या एज ऑफ एम्पायर्समध्ये पुजारी ‘वोलोलो’ करत शत्रूचा माणूस आपल्या रंगाचा करून टाकायचा. इथे ते काम एक्सप्लोरर करतो, तेही कोणी सांगितलेलं नसताना.

विंडोज 7वर याला दोन उपाय होते. पहिला सभ्य. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून स्क्रीन रिझोल्यूशनची खिडकी उघडायची आणि ती तशीच उघडी ठेवून गेम सुरू करायचा. त्या खिडकीत काही बदलायचं नाही, ओके दाबायचं नाही. गवत हिरवं. हा उपाय ऐकून इंजिनिअर लोक हसायचे आणि घरी जाऊन गुपचूप करून बघायचे. दुसरा उपाय रांगडा. टास्क मॅनेजर उघडून एक्सप्लोरर डॉट ईएक्सईला सरळ एंड टास्क मारायचं. टास्कबार गायब, आयकॉन गायब, उरला तो फक्त वॉलपेपर. मग टास्क मॅनेजरमधूनच गेम सुरू करायचा आणि खेळून झाल्यावर तिथूनच एक्सप्लोररला परत बोलवायचं. हा उपाय करताना खोलीचं दार लावून घ्यावं, नाहीतर असे संवाद घडतात:

“अरे, सगळं उडालं की काय? माझे अष्टविनायकाचे फोटो होते ना त्यात!”

“काही उडालं नाही गं आई. गवत हिरवं करतोय.”

विंडोज 8पासून गोष्ट आणखी गमतीची झाली. पडद्याचा खरा 256 रंगांचा मोड राहिलाच नाही. तो असल्याचा देखावा विंडोज स्वतःच करतं, आणि ते सोंग दर वेळी वठतंच असं नाही. तेव्हा सोंग सराईत माणसाकडे सोपवावं. जुने गेम पडद्यावर चित्र काढायला डायरेक्टड्रॉ नावाच्या यंत्रणेला हाक मारतात. तिची फाइल म्हणजे डीड्रॉ डॉट डीएलएल. हाक मारल्यावर विंडोज साधारणपणे आधी गेमच्याच फोल्डरमध्ये बघतं आणि तिथे नसेल तर सिस्टिमच्या फोल्डरमध्ये. म्हणून याच नावाची बनावट फाइल गेमच्या शेजारी आणून ठेवायची. गेम तिला आपलं जुनं दुःख सांगतो, ती मान डोलावते आणि नव्या ग्राफिक्स कार्डाला त्याच्या भाषेत समजावते. सीएनसी-डीड्रॉ ही अशीच एक फाइल, मुळात कमांड अँड कॉन्कर या गेमसाठी तयार झालेली, पण परोपकारी.

याच जातीतला सर्वांत पोहोचलेला थापाड्या म्हणजे डीजीवूडू. तुमच्या मशीनमध्ये कोणतंही कार्ड असो, तो गेमला खुशाल सांगतो की हे जीफोर्स 4 आहे, आणि मेमरी किती सांगायची तेही तुम्हाला ठरवू देतो. मेमरी कमी करून का सांगायची? कारण काही जुने गेम हा आकडा अशा खणात ठेवतात जिथे 2 जीबीच्या आतलेच आकडे मावतात. त्यापुढचा आकडा आला की तो ऋण वाचला जातो. तुम्ही हौसेने 8 जीबीचं कार्ड घेतलेलं असतं आणि गेम म्हणतो, मेमरी अपुरी आहे. अशा वेळी श्रीमंती लपवावी. 64 एमबी सांगावं, गेम खूश होतो.

नीड फॉर स्पीड टूची स्पेशल एडिशन (1997) ज्यांना तिच्या पूर्ण थाटात बघायची आहे, त्यांच्यासाठी एक जास्तीची थाप लागते. तो थाट थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू कार्डावर दिसायचा. 1996 साली आलेल्या पहिल्या वूडूत 4 एमबी मेमरी होती आणि त्याला साधं विंडोजसुद्धा दाखवता येत नसे. त्यासाठी शेजारी दुसरं कार्ड लावून दोघांत केबल जोडावी लागायची. त्या वूडूची भाषा ग्लाइड. 2000 साल संपता संपता कंपनीचा गाशा गुंडाळला गेला आणि तिची बरीच मालमत्ता एनव्हिडियाने घेतली. गेमला मात्र यातलं काही कळवू नये. एनग्लाइड नावाचा प्रोग्रॅम टाकावा. तो वूडूच्या आवाजात ओ देतो.

चित्र ताणलेलं दिसत असेल तर तो रोग नव्हे, भूमितीचा प्रश्न आहे. जुना पडदा 4:3, नवा 16:9. जुनं चित्र नव्या पडद्यावर काठोकाठ पसरवलं की प्रत्येकाची रुंदी एक-तृतीयांशाने वाढते. व्हाइस सिटी गेममधला टॉमी व्हर्सेटी त्या फुलाफुलांच्या शर्टात लग्नात वाढप्यामागे उभ्या असलेल्या काकांसारखा दिसतो. ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये स्केलिंगच्या खाली ‘अ‍ॅस्पेक्ट रेशो’ निवडावं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. घरच्यांनी टीव्हीवरही त्या कधी चालवून घेतलेल्या नसतात, तरी आपण घ्याव्यात.

डॉसच्या जमान्यातले गेम 64-बिट विंडोजवर सुरूच होत नाहीत, म्हणून जुन्या डॉस मशीनचं सोंग घेणारा प्रोग्रॅम, डॉसबॉक्स. तिथे अडचण उलटी असते, गेम भलताच पळत सुटतो. 1981च्या आयबीएम पीसीचा वेग 4.77 मेगाहर्ट्झ होता आणि अनेक गेम तेवढ्याच वेगाच्या भरवशावर लिहिलेले. पुढे मशीन वेगवान झाली तेव्हा कॅबिनेटवर टर्बो नावाचं बटण आलं. नावावर जाऊ नका, त्याचा खरा उपयोग मशीन हळू करण्यासाठीच होता. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ11 दाबत राहा, गेम माणसात येतो. फारच सावकाश झाला तर कंट्रोल-एफ12.

सगळं जमल्यावर ऑल्ट-टॅबला हात लावू नये. पडदाभर चालणाऱ्या जुन्या गेमला मध्येच सोडून व्हॉट्सअ‍ॅप बघून आलात, तर परतल्यावर काळा पडदा आणि मागे सुरू असलेलं संगीत एवढंच मिळण्याची शक्यता दाट.

आता काही मंडळी म्हणतील, एज ऑफ एम्पायर्स टूची डेफिनिटिव्ह एडिशन 2019 सालीच आली, गॉगवर कितीतरी जुने गेम आधीच डागडुजी करून विकायला ठेवलेत, मग हा खटाटोप कशाला? त्यांचं बरोबर आहे. ते गेम डबल क्लिक केल्यावर सरळ सुरू होतात. आणि मग ते खेळत बसावं लागतं.