स्वस्तातली इटली

फ्लॉरेन्स ते रोम वेगवान गाडीने दीड तास. पण काटकसरी जोडप्याला एवढी घाई कुठली? ते साधी प्रादेशिक गाडी धरतात. अरेझ्झो, किउसी, ऑर्व्हिएतो करत ती साडेतीन-चार तासांनी टेकते. नवरा याला ‘देश बघणं’ म्हणतो. बायको मांडीवर पाव-चीज सोडते आणि देशाऐवजी नवऱ्याकडे बघते. कागदी तिकिटावर चढण्याआधी यंत्रात शिक्का मारायचा. विसरलात, तर वाचवलेले युरो दंडात स्वाहा. कॉफी उभ्यानंच प्यायची, कारण टेबलाशी बसलं की भाव चढतो. (कंजूषपणा नव्हे, स्थानिक संस्कृतीचा आदर!) रोममध्ये रस्तोरस्ती फुकट पाण्याचे नळ. ते दिसताच नवऱ्याची तहान अनावर होते. तेर्मिनी स्टेशनातल्या स्वच्छतागृहाला पैसे पडतात, हे बायको मुद्दामच सांगत नाही.