चाकांवरच्या घराची हमी

अमेरिकेत मोटरहोमचा सौदा ठरला की गिऱ्हाइकाला कागदपत्रांच्या खोलीत नेतात. बाहेर दणकट म्हणून विकलेली गाडी इथे अचानक नाजूक होते. जनरेटर, फ्रिज, बाहेर सरकणारी भिंत, काय कधी बंद पडेल सांगवत नाही म्हणे! म्हणून वाढीव वॉरंटी घ्या. काही हजार डॉलर फक्त, तेही कर्जात मिसळून. म्हणजे बिघाड होण्याआधीच व्याज सुरू.

बारीक अक्षरांत मात्र झीज वगळलेली, छतातून झिरपणारं पाणी वगळलेलं, आणि देखभालीच्या पावत्या हरवल्या तर बोलायलाच नको. थोडक्यात, हमखास बिघडणारं सोडून बाकी सगळं सुरक्षित.

तेवढीच रक्कम बँकेत बाजूला टाकली, तर गाडी धड राहिल्यास पैसे आपलेच. अर्थात या योजनेवर कमिशन नसल्यामुळे त्या खोलीत तिचं पत्रक मिळत नाही.