जिवाणूंचा गृहप्रकल्प

डोंबिवलीत 400 चौरस फुटांत चौघं राहतो. त्यामुळे क्षेत्रफळाचा आकडा दिसला की माझं भान सुटतं. एरवी हा आजार इमारतींच्या जाहिरातींपुरता असतो. गेल्या पावसाळ्यात तो फिशटँकमध्ये उतरला.

आमचा टँक 2 फुटी, पाणी साधारण 50 लिटर. त्यात आठ-दहा गप्पी, चार मॉली आणि कोपऱ्यात एअर पंपावर बुडबुडणारा काळा स्पंज फिल्टर. हा स्पंज इतका कळकट की पाहुणे येणार असले की मी त्याच्यापुढे प्लास्टिकचं झाड सरकवायचो. मासे मात्र ठणठणीत होते, आणि त्या कळकटपणामुळेच ठणठणीत होते. मासा अमोनिया सोडतो, मुख्यतः कल्ल्यांतून. तो त्याला स्वतःलाच विष. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. मग दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते माशांना बऱ्यापैकी सोसतं आणि अधूनमधून पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू पाण्यात भटकत नाहीत, कशाला तरी चिकटून राहतात. त्यांना चिकटायला फिल्टरमध्ये जे भरतात, तो बायो मीडिया. हे सगळं मी वाचलेलं होतं. माणूस बिघडायला एवढं वाचन पुरतं.

क्रॉफर्ड मार्केटात माशांचं खाणं घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने सहज विचारलं, "मीडिया काय टाकलाय साहेब?"

"स्पंज."

तो काही बोलला नाही. बजेटचा आकडा ऐकल्यावर ब्रोकर बघतो तसा फक्त बघत राहिला. मग त्याने माल मांडला: सिरॅमिक रिंगा, बायो बॉल, लाव्हा रॉक, प्युमिसचे पांढुरके खडे. एका डब्यावर छापलं होतं, एका लिटरमध्ये शेकडो चौरस मीटर जागा! मी उभ्या उभ्या हिशेब केला. माझं अख्खं घर 37 चौरस मीटर. ज्याच्यासाठी मी अजून हप्ते भरतोय, त्याच्या कित्येक पट जागा एक जिवाणू डब्यात बसून उपभोगणार. मला त्याचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला की मी ती वस्तू विकत घेतो. सगळंच घेतलं. शिवाय ते भरायला टँकच्या काठाला लटकवायचा नवा फिल्टरही.

बायको शाळेत भूगोल शिकवते.

"अहो, हे काय?"

"लाव्हा."

"विकत?" तिने पिशवी हातात घेऊन वजन केलं. "साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जवळजवळ अख्ख्या महाराष्ट्रभर फुकट सांडलाय. सह्याद्रीत त्याचे थर किलोमीटरभराहून जाड आहेत. आणि तुम्ही पाव किलोच्या भावाने आणताय?"

मी तज्ज्ञाच्या आवाजात सांगितलं की आपल्या बेसाल्टला भोकं असतात खरी, पण त्यांत पुष्कळदा झिओलाइटसारखी खनिजं भरलेली असतात. म्हणजे पागडीवाले आधीच घुसलेले. मला रिकामा ताबा हवा होता. ती वह्या तपासायला निघून गेली.

मग मी नवा फिल्टर भरला. बायो बॉल वर तरंगायला लागले, कारण ते मुळात पाणी वरून ठिबकतं आणि मधे हवा खेळते अशा फिल्टरसाठी केलेले असतात. त्यांना मी रिंगांखाली दाबून गाडलं. आणि तो काळा स्पंज, ज्यात टँकमधले बहुतेक सगळे कामकरी जिवाणू राहत होते, तो ओल्या कचऱ्यात टाकला. (स्पंज हा सुका कचरा. हे सोसायटीच्या सेक्रेटरींनी नंतर लेखी कळवलं.)

पाणी काचेसारखं झालं. पाहुण्यांना मुद्दाम बोलावलं. काही दिवसांनी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. मुलगी म्हणाली, गप्पी गाणं म्हणतायत. मी अमोनियाचा टेस्ट किट आणला. त्यात पाणी पिवळं राहिलं तर ठीक. आमचं गडद हिरवं झालं.

इमारत उभी होती, ओसी मिळालेली होती, आणि राहायला कुणीच नव्हतं. ई. कोलाय हा जिवाणू चांगल्या परिस्थितीत 20 मिनिटांत दुप्पट होतो. आमच्या या सज्जनांना त्यासाठी कित्येक तास, कधी दिवसही लागतो. नवा टँक बसायला 4 ते 6 आठवडे लागतात ते यामुळेच. दुकानदाराने जिवाणूंची बाटली दिली. लेबलवर नाव नायट्रोबॅक्टर. पण नायट्राइट संपवायचं काम गोड्या पाण्याच्या टँकमध्ये प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात, हे 1998 सालीच संशोधकांनी दाखवलं होतं. माझ्या बिल्डिंगमध्ये रहिवासी नव्हतेच, वर दारावरच्या पाट्याही चुकीच्या.

रोज थोडं पाणी बदलायचं, त्यात अँटी-क्लोरीनचे थेंब टाकायचे, खाणं जवळजवळ बंद. तरी दोन मॉली गेल्या. शेवटी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: कुणाकडे जुना, न धुतलेला स्पंज आहे का? तळमजल्यावरच्या काकू भांडी घासायचा घेऊन आल्या आणि वर "पगार वेळेवर होतोय ना?" असंही विचारून गेल्या.

खरा स्पंज निघाला तिसऱ्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलाकडे. त्याने आपल्या टँकमधला अर्धा कापून माझ्या फिल्टरमध्ये खोचला. "काका, नळाखाली धरू नका हं. क्लोरीनने मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच खळबळवायचा." मग रिंगांचे डबे बघून त्याने विचारलं, "मासे किती आहेत?"

"आता डझनभर."

"मग अमोनिया तेवढाच. जिवाणूही तेवढेच होणार ना. जागा कितीही द्या."

हे मला डब्यावर कुठे छापलेलं दिसलं नव्हतं. जिवाणू वाढतात ते खाण्याच्या हिशेबाने. शिवाय ते शेकडो चौरस मीटर म्हणजे सुपर बिल्ट-अप. काही छिद्रं इतकी बारीक की जिवाणू आत शिरूच शकत नाही. काहींत पाणी आणि ऑक्सिजन पोचत नाही. काहींच्या तोंडाशी गाळ बसतो. कार्पेट एरिया उरतो थोडासाच. घर कार्पेट एरियावरच विकलं पाहिजे, हे बघायला 2017 पासून महारेरा आहे. सिरॅमिक रिंगांना कुणी वाली नाही.

माझं मत विचाराल तर घरातल्या लहान टँकला साधा, मोठ्या छिद्रांचा स्पंज पुरतो. रिंगा, प्युमिस वाईट नाहीत. मासे खूप असतील, टँक मोठा असेल तर जरूर घ्या. पण नवं काहीही लावलंत तरी जुना फिल्टर शेजारी महिना-दीड महिना चालू ठेवा, मगच काढा. आणि कुणाला सिरॅमिक रिंगा, बायो बॉल आणि पाव किलो लाव्हा हवा असेल तर माझ्याकडे पडून आहे. फुकट. येताना पिशवी आणा.