बापूची तारीख

खानदेशात बापू व्हायला वय लागत नाही. आजोबांचं नाव नातवाला ठेवलं की घरातल्या सुनांना ते तोंडावर आणता येत नाही. मग पाळण्यातल्या पोरालाच बापू, आबा, नाना यांपैकी घरात शिल्लक असेल ते पद देऊन टाकतात. आमच्या दोंडाईच्याचा बापू त्या पदावर जन्मापासून आहे. मिशी नंतर आली.

बापूचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. बाहेरच्या फ्लेक्सवर सातबारा, पीकविमा, पॅनकार्ड, रेल्वे तिकीट, लाइटबिल, भरतीचे अर्ज आणि ‘लग्नाचा बायोडाटा सुंदर करून मिळेल’ एवढं सगळं दाटीवाटीनं बसवलंय. आत एक टेबल, एक प्रिंटर, गिऱ्हाइकांसाठी बाकडं, आणि टेबलाखाली एक काळी पेटी. तिच्या काचेतून निळेजांभळे दिवे लुकलुकत असतात. त्या पेटीतलं ग्राफिक्स कार्ड हे सातबारा स्पष्ट छापून यावा म्हणून घेतलंय, असं बापूनं आप्पांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं होतं. आप्पांची मिरचीची आडत. देठ मोडून, वास घेऊन, नाकाला झोंबलं किती त्यावर भाव बोलणारा माणूस. त्यांनी एक सातबारा उन्हात धरून पाहिला, घडी केली आणि खिशात घातला. बोलले काहीच नाहीत. आडत्या बोलला नाही म्हणजे त्याला सगळं कळलेलं असतं.

अशा दुकानांतून हल्ली हा नमुना गावोगाव दिसतो. नंदुरबारला आहे, अमळनेरला आहे, शिरपूरला तर दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. ही पोरं खेळापेक्षा खेळाची वाट जास्त मन लावून पाहतात. बापूची वाट होती ‘सायबरपंक २०७७’ या खेळाच्या पुरवणीची, ‘फँटम लिबर्टी’ची. बाकड्यावर बसून सर्व्हर सुरू व्हायची वाट पाहणाऱ्या निम्म्या शिंदखेडा तालुक्याला हे नाव पाठ झालं होतं.

खेळ मुळात असा. सन २०७७. कॅलिफोर्नियातलं नाइट सिटी नावाचं कल्पित शहर. तिथं माणसं हातपाय, डोळे बदलून यंत्राचे बसवून घेतात. आपण व्ही नावाचा भाडोत्री गडी. व्हीच्या डोक्यात एक चिप जाऊन बसते आणि त्या चिपेत मेलेल्या एका गवयाचं भूत असतं: जॉनी सिल्व्हरहँड, म्हणजे हॉलिवूडचा कियानू रीव्ह्ज. भूत हळूहळू व्हीला खाऊन टाकणार असतं. पुरवणीत राष्ट्राध्यक्षबाईंचं विमान डॉगटाउन नावाच्या बेकायदा वस्तीत कोसळतं. त्यांना सोडवलं तर त्या चिपेवर इलाज मिळेल, असं एक बाई व्हीला सांगते.

हे सगळं बापूनं मालपूरकडच्या एका जिभाऊंना, त्यांचा अंगठा मशीन घेत नव्हतं तेवढ्या वेळात, तळमळून सांगितलं. जिभाऊंनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “डोकामा चिप शे? मंग आधार लिंक करेल शे का?”

बापूला राग येत नाही, हा त्याचा मोठा गुण. त्यानं जिभाऊंचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसला आणि पुन्हा मशीनवर ठेवला.

बापूची विद्वत्ता पाहायची असेल तर तारखांचा विषय काढावा. तो मान खाली घालतो, सूर लावतो आणि सुरू होतो. वॉर्सातल्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीनं खेळ जाहीर केला मे २०१२ला. बापू तेव्हा शाळेत. पहिली झलक जानेवारी २०१३. मग काही वर्षं सामसूम. २०१९ला कियानू रीव्ह्ज स्वतः मंचावर येऊन तारीख सांगून गेला, १६ एप्रिल २०२०. ती गेली १७ सप्टेंबरवर. तिथून १९ नोव्हेंबरवर. तिथून १० डिसेंबरवर. प्रत्येक वेळी पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत माफीपत्र. ५ ऑक्टोबरला ‘काम पूर्ण झालं’ असं कंपनीनं जाहीर केलं होतं आणि २७ ऑक्टोबरला पुढची तारीख दिली, इथं आल्यावर बापूचा आवाज बसतो.

आप्पा इथंच एकदा मधे बोलले होते. “तोल व्हयना, पावती फाटनी, आनि मंग माल उचलाले नही म्हने? असा यापारी बाजारमा दुसरा दिन उभा नही राह्यता.”

आणि डिसेंबर २०२०ला खेळ आला तो असा आला, की जुन्या प्लेस्टेशनवर माणसं भिंतीतून आरपार जायची आणि मोटारी आकाशातून पडायच्या. आठवडा-दीड आठवड्यात, १८ डिसेंबरला, सोनीनं तो आपल्या दुकानातून काढून टाकला. पुढच्या जानेवारीत कंपनीच्या संस्थापकांपैकी एकानं कॅमेऱ्यासमोर बसून माफी मागितली. खेळ सोनीच्या दुकानात परत आला जून २०२१मध्ये. बापूनं हा सगळा काळ कंपनीची बाजू घेण्यात घालवला. गल्लीत कुणी कंपनीविरुद्ध काही बोलत नव्हतं, कारण गल्लीत कंपनी कुणाला ठाऊकच नव्हती. तरी त्यानं बाजू घेतली.

सप्टेंबर २०२२ला पुरवणीची घोषणा झाली आणि बापूचा खरा काळ सुरू झाला. त्या डिसेंबरात कळलं की नव्या भागात इड्रिस एल्बा आहे. बापूनं ही बातमी घरी जेवताना सांगितली. मायनं विचारलं, “कोनी पोर?” तेवढ्यावर तो विषय संपला. झलकेचा व्हिडिओ बापू थांबवून थांबवून पाहायचा. एका भिंतीवरचा कागद, मागून गेलेल्या गाडीचा नंबर, खिडकीतल्या बाईचा अर्धा चेहरा, यांतून त्यानं पूर्ण कथानक लावून ठेवलं होतं. हाच माणूस जातीच्या दाखल्यावर आडनावाची वेलांटी दर वेळी विसरतो. वॉटसनहून पॅसिफिकाला जायला कुठला रस्ता मोकळा असतो, डॉगटाउनच्या फाटकावर कुणाचा पहारा, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. आणि अमरावती नदीच्या पलीकडे राहणाऱ्या मावशीकडे तो गेल्या दिवाळीनंतर गेलेला नव्हता.

तारीख आली ती ११ जून २०२३ला. २६ सप्टेंबर. सोबत एक अट आली, आणि ती मात्र थेट टेबलाखालच्या पेटीच्या बुडावर बसली. यापुढे साधी हार्ड डिस्क चालणार नाही, एसएसडी लागेल. बदल करून घ्यायला नव्वद दिवस. बापूच्या पेटीत साधी हार्ड डिस्क होती. त्यानं ती नोटीस मला वाचून दाखवली, तेव्हा भाषा इतकी ओळखीची वाटली की खाली तहसीलदारांची सही असेल म्हणून मी वाकून पाहिलं.

पैशांची सोय पीकविम्यानं केली. त्या खरिपात एक रुपयात पीकविमा सुरू झाला होता आणि दुकानासमोर चपलांचा ढीग. सर्व्हर कधी चालायचा, कधी अंग टाकायचा. “बापू, मन्हा फॉर्म व्हयना का?” “सर्व्हर बंद शे, जिभाऊ. सकाय या.” ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढली, तेव्हा बाकड्यावरच्या कुणाला आश्चर्य वाटलं नाही. उलट ‘आणखी चार दिवस वाढवतील’ असं म्हणून दोघं घरी निघाले होते, त्यांना बापूनं हाताला धरून बसवलं. तारीख पुढे जाते हे ज्याला माहीत, त्यालाच ती कधीतरी थांबतेही हे माहीत असतं.

मला नेहमी वाटतं की पुण्या-मुंबईत बापूची टिंगल झाली असती. इतका मोठा घोडा आणि खेळाची वाट पाहतो! दोंडाईच्यात त्याला कुणी हसलं नाही. मनमाड-इंदूर रेल्वेच्या गोष्टी आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या लोकांचा हा मुलूख. त्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली सप्टेंबर २०२४ला, आणि नरडाण्याचे लोक अजूनही रूळ दिसल्याशिवाय पेढे आणणार नाहीत. वाट पाहणं हे इथं वेळ वाया घालवणं मानलं जात नाही. लोकांचा आक्षेप होता तो पैशांचा. खेळ एकदा विकत घेतलेला, त्याच खेळाच्या पुढच्या तुकड्याचे वर तीस डॉलर. आप्पांनी तो एका वाक्यात मांडला. “अर्धा माल दीसन पुरा पैसा लिधा, आते उरेल मालना आखो पैसा मांगस?” यावर बापू पंधरा मिनिटं बोलला: नवं शहर, नवी कथा, नवी हत्यारं. आप्पांनी सगळं ऐकलं आणि वर्तमानपत्रातला मिरचीचा भाव पाहायला घेतला.

पंचांगानंही त्या वर्षी बापूची परीक्षा पाहिली. अधिक श्रावण आला. सगळे सण महिनाभर पुढे ढकलले गेले, पोळा १४ सप्टेंबरला, गणपती १९ला. पाऊस तर गायबच. १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. बाकड्यावर बसलेला प्रत्येक जण आभाळाकडे पाहत होता आणि एकटा बापू स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या उलट्या मोजणीकडे. एका म्हाताऱ्या बाबांनी ते आकडे पाहून विचारलं, हे पावसाचं आहे का? बापूनं नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

बापूची तयारी मात्र पूर्ण. खेळातला त्याचा व्ही शेवटच्या मोहिमेच्या दारात उभा करून ठेवलेला, अंगात सगळी कौशल्यं, गॅरेजमध्ये गाड्या, खिशात रग्गड पैसा. पुरवणी आली की थेट डॉगटाउन. आणि २१ सप्टेंबरला, घरोघर गौरी बसत होत्या त्या दिवशी, कंपनीनं मूळ खेळाचं २.० हे नवं रूप सोडलं. कौशल्यांची सगळी मांडणी बदलली. जुने हिशेब मोडून गुण परत हातात दिले आणि वर सल्ला: शक्यतो नवा डाव सुरू करा.

ज्यांना बापू कळला नाही ते म्हणतील, सल्लाच तो, मानायचा कशाला? पण वॉर्साहून आलेला शब्द बापूनं आजवर खाली पडू दिलेला नव्हता. त्यानं उभा केलेला व्ही पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पहिल्यापासून म्हणजे, डोक्यात चिप जाण्याच्याही आधीपासून. डॉगटाउन उघडायला कथेत बरंच पुढे जावं लागतं. त्यात मंडळाच्या पावतीपुस्तकांचा हिशेब बापूकडे, रोषणाईची वायर बापूच्या दुकानातून गेलेली, आणि रोज रात्री आरतीला कोणी ना कोणी पाहुणा यायचा, त्याचं नाव फलकावर टाइप करायचं तेही बापूनंच.

२६ सप्टेंबर, मंगळवार. तीन वर्षांपूर्वीच्या त्या पिवळ्या पाट्यांनी पोळलेला बापू दिवसभर धास्तावलेला होता. पण या वेळी तारीख हलली नाही. पुरवणी ठरल्या दिवशी हजर. उतरवून घ्यायला लावली आणि संध्याकाळी ती आलीही. आणि बापूचा व्ही अजून नाइट सिटीत भुरट्या चोऱ्या करत होता. दोंडाईच्याच्या इतिहासात एखादी गोष्ट वेळेवर येण्याचा प्रसंग विरळा, आणि तो ज्याच्यावर आला त्यालाच ती परवडली नाही. त्या रात्री मंडळासमोर ढोल वाजत असताना मी दुकानात डोकावलो. बापू शून्य नजरेनं पडद्याकडे पाहत होता. “आली?” मी विचारलं. “आली, सर,” तो म्हणाला, “पण एवढी वेळेवर?”

गुरुवारी विसर्जन झालं. ऑक्टोबर सरताना सरकारनं चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपला तालुका होता. बाकडं पुन्हा भरलं. डॉगटाउनच्या फाटकात बापू शिरला तो दिवाळीच्या तोंडावर, आणि तिथून बाहेर आला तो एकदम मोठ्या माणसाच्या चेहऱ्यानं. खेळ चांगला होता. म्हणजे खरोखरच चांगला, बापू म्हणतो, आणि इड्रिस एल्बानं तर रडवलं. पण हे तो दोन वाक्यांत सांगतो. वाट पाहण्याबद्दल तो दीड तास बोलायचा. मिळालेल्या वस्तूबद्दल त्याला फारसं सांगता येत नाही. ही अडचण एकट्या बापूची नसावी, लग्न झालेले वाचक ताडतील.

मध्यंतरी मी उताऱ्यासाठी गेलो तर पेटीतले दिवे पुन्हा जोरात लुकलुकत होते आणि बापूच्या चेहऱ्यावर जुनी कळा परत आलेली. बाकड्यावर तेच मालपूरकडचे जिभाऊ. त्यांनीही ओळखलं असावं.

“काय बापू, आते कसानी वाट देखी राह्यना?”

बापूनं खुर्ची पुढे ओढली. याच खेळाचा दुसरा भाग येतोय, त्याचं सांकेतिक नाव ओरायन, कंपनीनं २०२२लाच जाहीर केलंय, आता मोठी तुकडी कामाला लागलीय.

“कधी येवाव शे?”

“तारीख नही दिधी आजून.”

जिभाऊंनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, आणि पहिल्यांदाच त्या कंपनीबद्दल त्यांच्या तोंडून बरा शब्द निघाला.

“तारीखच नही दिधी? मंग आते सुधरनात त्या.”