अठ्ठ्याऐंशी व्होल्टची थाप

नारायणगावात टोमॅटोचा क्रेट कितीला गेला, हे दिवस मावळायच्या आत मंचरपासून आळेफाट्यापर्यंत पोराटोरांना माहीत असतं. ओतूरला कांदा दहा किलोला काय भावानं फुटला, हे विचारावं लागत नाही; सांगणारा आपणहून गाडी थांबवतो. भावाच्या बाबतीत जुन्नर-आंबेगावच्या माणसाला शिकवायला कुणी जाऊ नये. पण हाच माणूस बॅटरीवरचं ड्रिल मशीन घ्यायला दुकानात शिरला की त्याचं काहीतरी होतं. खोकं हातात घेतो, त्यावरचा आकडा वाचतो आणि "द्या" म्हणतो. विकताना बिबट्या, घेताना शेळी.

ही मशीनं इथं हौसेपायी आलेली नाहीत. शेतीची थ्री फेज पाळीनं येते, आणि रात्रीची पाळी असली की उसात कोण बसलंय ते सांगता येत नाही. कांदा चाळ माळावर, शेडनेट बांधाच्या पलीकडं. गोठ्याच्या पत्र्यावर चढलेल्या फॅब्रिकेटरला खालून पन्नास मीटर वायर पुरवत कोण उभं राहणार? त्यात मार्च २०१८ मध्ये सरकारनं जुन्नर हा विशेष पर्यटन तालुका जाहीर केला. ज्याच्याकडं चार आंब्याची झाडं आणि एक पडवी होती, त्यानं कृषी पर्यटन केंद्राची पाटी लावली. पर्यटक किती आले ते सोडा. पाट्या ठोकणाऱ्यांना मात्र काम लागलं.

आता खोक्याकडं या. दीड-दोन हजारांच्या बिननावाच्या मशीनवर ४८ असतं, ८८ असतं, एखाद्यावर १२८ सुद्धा. शेजारच्या फळीवर नावाजलेल्या कंपनीचा आठ-दहा हजारांचा संच, आणि त्यावर बिचारं १८. आपला शाळेपासून जास्त मार्कांवर विश्वास. अठ्ठ्याऐंशीवाला समोर असताना अठरावाल्याला कोण विचारतो?

लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा. काठोकाठ चार्ज झाला की ४.२. असे पाच सेल ओळीनं जोडले की काम करताना १८ आणि चार्जरवरून काढल्या काढल्या २१. या मापाच्या बहुतेक मशीनच्या पोटात हेच पाच भाऊ बसलेले असतात, खोक्यावर काहीही छापलेलं असो. खरोखरचे ८८ व्होल्ट करायचे तर चोवीस-पंचवीस सेल लागतील. नुसत्या सेलचं वजनच किलोच्या वर जाईल आणि मशीन धरायला तालमीतला गडी बोलवावा लागेल. त्या आकड्यापुढं 'व्ही'नंतर 'एफ' असं एक जास्तीचं अक्षर बऱ्याचदा दिसतं. उद्या कुणी जाब विचारलाच तर "आम्ही व्होल्ट कुठं म्हणालो?" असं म्हणायला ते बरं पडत असावं.

थोरामोठ्यांचंही सगळं सरळ नाही. डिवॉल्ट जी बॅटरी युरोपात १८ व्होल्टची म्हणून विकते, तीच अमेरिकेत '२० व्होल्ट मॅक्स' होते. आत तेच पाच सेल. थाप दोघंही मारतात. नावाजलेल्याची दोन व्होल्टची, बिननावाच्याची सत्तर व्होल्टची. एवढाच काय तो ब्रँडचा फरक.

हाच गिऱ्हाईक बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात कसा वागतो ते बघा. तोंड उघडून दात बघतो, दोन दाती की चार दाती की जुळलेला, हे बोट लावून ठरवतो. चालवून बघतो, खूर उचलतो, शेपटी पिळतो. मालक म्हणाला, "पाव्हणं, घाटात पहिला आलाय," तर कुठल्या घाटात, कुठल्या यात्रेत, जुपणीला जोडीला कोण होता, सगळं विचारून घेतो. मग कुठं उपरण्याखाली बोटं धरली जातात. बैलाच्या कपाळावर कुणी रंगानं ८८ लिहून आणलं म्हणून तिथं कधी कुणी जास्त पैसे मोजलेले नाहीत.

बॅटरीला दात नसतात, पण घरात काटा असतो. कांदा-लसणाचा इलेक्ट्रॉनिक काटा आपल्याकडं कुठल्या घरात नाही? या बॅटऱ्यांत नेहमी सापडणारा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, वजनाला पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास. पाच अँपिअर-तासाची बॅटरी म्हटलं की असे दहा सेल लागतात, म्हणजे साडेचारशे ग्रॅम नुसते सेल. जाडे, नव्या मापाचे सेल घातले तरी पाच सेलचे साडेतीनशे होतात, आणि वर पट्ट्या, सर्किट, प्लॅस्टिक. तेव्हा '५.०' लिहिलेली बॅटरी काट्यावर चारशेच्या आत भरली, तर ते पाच कुठल्या गावचे ते दुकानदाराला विचारावं. दहा सेलच्या खोक्यात पाचच सेल घालून बाकीची जागा मोकळी ठेवलेल्या बॅटऱ्या उघडणाऱ्यांना सापडलेल्या आहेत. चांगल्या कंपनीच्या नावाचं हुबेहूब लेबल लावलेल्या त्याहून जास्त.

एमआरपी हा आणखी एक विनोद. वेष्टनातल्या मालावर कमाल किंमत छापली पाहिजे, असा नियम आहे. ती खरी वाटली पाहिजे, असा नाही. त्यामुळं छापायची चौदा हजार, वर काट मारायची, खाली लिहायचं साडेसात, आणि शेजारी लाल रंगात 'फक्त आज'. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये भाव खरंच उतरतो, नाही असं नाही. पण तो भाद्रपदात काय होता हे ज्यानं लिहून ठेवलंय त्यालाच उतरलेला कळतो. टोमॅटोच्या हिशेबपट्ट्या जपून ठेवणाऱ्या माणसाला एवढं जमू नये?

तसा जुन्नर तालुक्यात ड्रिलचा भाव रुपयांत सांगूच नये, क्रेटमध्ये सांगावा. जुलै २०२३ मध्ये नारायणगावात क्रेट दोन हजारांच्या वर गेला होता, तेव्हा चार-पाच क्रेटमध्ये कंपनीचा संच घरी येत होता. सप्टेंबरात भाव असा पडला की तोच संच घ्यायला पिकअप भरून माल न्यावा लागला असता. मशीनवर कमाल किंमत छापलेली असते. क्रेटवर ना कमाल छापतात ना किमान.

मग कुणीतरी सांगतं, "पुण्याला जा. रविवार पेठेत, बोहरी आळीत निम्म्या भावात मिळतं." तिथं भाव चांगला मिळतो, घासाघीस करता येते, चार दुकानं शेजारी शेजारी असल्यानं एकानं फेकलेला आकडा दुसऱ्याच्या तोंडावर फेकता येतो. हे सगळं खरं. पण नारायणगावाहून जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. मोटरसायकलला तीन लिटर पेट्रोल, चाकणच्या कोंडीत तास-दीड तास, आणि पेठेत गाडी लावायची ती कुठं, हा प्रश्न. चारशे रुपये वाचवायला साडेचारशे घालवणं ही आपली जुनी परंपरा आहे. त्यापेक्षा मोशीच्या 'किसान' प्रदर्शनाला डिसेंबरात जाणारच असाल तर तिथं बघावं. तिथला भाव 'प्रदर्शनापुरता' असतो. पुढच्या प्रदर्शनातही तो प्रदर्शनापुरताच असतो.

खरी गंमत मशीन बिघडल्यावर. वॉरंटी असते, ती बजावणारं सर्व्हिस सेंटर भोसरीला नाहीतर पुण्यात. म्हणजे पुन्हा दीडशे किलोमीटर, आणि मशीन आणायला आणखी दीडशे. याबाबतीत जुन्नरकरांनी मनाला फार लावून घेऊ नये. १९७१ मध्ये अपोलो १५ बरोबर बॅटरीवरचं ड्रिल चंद्रावर गेलं होतं, ब्लॅक अँड डेकरची करामत होती ती. जमिनीत असं रुतून बसलं की दोन अंतराळवीरांनी मिळून नळी ओढून काढली. अधिकृत सर्व्हिस सेंटर तिथंही जवळ नव्हतं.

बिलाचं आता सांगतो. "बिल पाहिजे का बिनबिलाचं देऊ?" हा प्रश्न विचारला की गिऱ्हाईकाच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो, तो पोरगी पसंत पडल्यावरही येत नाही. अठरा टक्के वाचले! नाणेघाटातल्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत होते म्हणतात. तेव्हापासून या तालुक्याला कर चुकवायची आस आहे. पण बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, आणि वॉरंटी नाही म्हणजे सहा महिन्यांनी बॅटरी बसली तर ती तुमची आणि तुमच्या नशिबाची. शिवाय ज्या फॅब्रिकेटरची जीएसटी नोंदणी आहे त्याला पक्क्या बिलावरचा कर पुढं वळता करून मिळतो. दहा हजारांचं मशीन त्याला साधारण आठ हजार चारशे पंचाहत्तरला पडतं, तेही वॉरंटीसकट. तरी त्यातलेही काहीजण कच्च्या चिठ्ठीवर नऊ हजारांना घेतात आणि गावात येऊन "हजार रुपये पाडले" म्हणून सांगतात.

ज्यांचा भाचा अमेरिकेत आहे त्यांचं वेगळंच. तिकडं फादर्स डेला हत्यारांचे सेल लागतात, बॅटरीवर मशीन फुकट देतात, वगैरे ऐकून मामा फर्मावतो, "येताना दोन घेऊन ये." विमानात सुटी बॅटरी सामानात टाकता येत नाही, हातातल्या पिशवीतच ठेवायची, शंभर वॉट-तासाच्या आतली असली तर विचारपूस नाही. १८ व्होल्ट आणि पाच अँपिअर-तास म्हणजे नव्वद, तेव्हा बॅटरी सुखरूप येते. येत नाही ते शहाणपण. चार्जर तिकडचा, १२० व्होल्टचा. आपल्या २३० च्या पिनेत तो घातला की एकदाच "फट्" म्हणतो. मामा म्हणतो, अमेरिकेचा माल पण आता पहिल्यासारखा राहिला नाही.

खरं म्हणजे बॅटरीचं शिक्षण आपल्याला फुकट मिळालं होतं. पाठीवरचा फवारणी पंप हे या भागातलं पहिलं बिनवायरचं हत्यार. सोळा-अठरा लिटरची टाकी, बुडाशी १२ व्होल्टची शिशाची बॅटरी. हंगाम संपला की पंप गोण्यांच्या मागं जातो आणि पुढच्या हंगामात बाहेर काढला की चार्ज धरत नाही. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली की मरते, महिन्या-दोन महिन्यांनी तिला चार्ज दाखवावा लागतो. लिथियमची उलट, निम्मी भरून सावलीत ठेवली तर टिकते आणि उन्हात गाडीच्या डिकीत ठेवली तर लवकर बसते. दोन्ही गोष्टी दुकानदार सांगत नाही. सांगितल्या तर दुसरी बॅटरी कुणाला विकायची? बाकी या पंपाच्या भावाचं कोडं शेतकऱ्यालाच पडतं असं नाही. सरकारनं शेतकऱ्यांना वाटायला घेतलेल्या पंपांच्या भावावरून २०२५ मध्ये राज्यभर आरोप झाले, आरोप फेटाळले गेले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचलं. आख्खं कृषी खातं हाताशी असून पंप कितीचा यावर एकमत होत नसेल, तर पिंपळवंडीच्या एकट्या माणसानं काय करावं?

त्यानं एक करावं. घरात फोटो टांगायला आणि पडद्याचा दांडा बसवायला मशीन हवं असेल तर घेऊच नये. घरगुती ड्रिल उभ्या आयुष्यात मिनिटांच्या हिशेबात फिरतं. बाकीचा काळ ते कपाटात असतं आणि त्याची बॅटरी म्हातारी होत असते. मिस्त्रीला बोलवावं, दोनशे रुपये द्यावेत, किंवा शेजाऱ्याचं आणावं. शेजाऱ्यानं घेतलेलंच असतं, अठ्ठ्याऐंशी व्होल्टचं.

पण ज्याचं पोट त्यावर आहे, त्या सुतारानं, फॅब्रिकेटरनं मशीनचा भाव आधी विचारू नये. मशीन हे आमिष आहे. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्याच्या मशीनला सहसा बसत नाही, ती मुद्दामच बसत नाही. आज ड्रिल घेतलं की उद्या ग्राइंडर त्याच कंपनीचा, परवा इम्पॅक्ट त्याच कंपनीचा, ब्लोअरही त्याच कंपनीचा, कारण दोन बॅटऱ्या आणि चार्जर घरात पडलेत. 'नुसती बॉडी' स्वस्त असते ती यासाठीच. दोन वर्षांनी बॅटरी बसली की कळतं, तिची एकटीची किंमत अख्ख्या बिननावाच्या संचाहून जास्त आहे. आणि त्या बिननावाच्या संचाची बॅटरी तर बाजारातून केव्हाच गायब झालेली असते. पुढच्या वर्षी तेच मशीन दुसऱ्या नावानं येतं, खाच बदलून.

म्हणून दुकानात गेल्यावर खोक्यांकडं बघू नये, व्होल्टचा आकडा वाचू नये, सरळ विचारावं: "शेठ, हिची सुटी बॅटरी कितीला? आणि दोन वर्षांनी तुमच्याकडंच मिळंल का?" शेठ आधी वरपासून खालपर्यंत बघून घेतो. मग आत हाक मारतो, "अरे, दोन चहा सांग रे."