ओवाळणी घ्या, हक्कसोड द्या

दौंड-शिरूर पट्ट्यात उसापेक्षा सध्या भावांचं पीक जोमात आहे. ऊसतोडीला टोळी वेळेवर मिळेल याची खात्री नाही, पण बाईला भाऊ हमखास मिळतो. तोही फ्लेक्सवर, हात जोडलेला, दाढी कोरलेला. २८ जून २०२४ ला अजितदादांनी अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना मांडली, ऑगस्टात गुलाबी जाकीट घालून यात्रा काढली, आणि तेव्हापासून हे नातं सरकारी झालं. घरातला सख्खा भाऊ तिकडे हक्कसोडपत्रावर सही मागायला निबंधक कार्यालयाच्या पायरीवर उभा असला, तरी चौकातला भाऊ दरमहा दीड हजार ओवाळणी घालतो. बाईने आणखी काय मागावं?

मागायचं काही कारणही नव्हतं. न मागताच नोव्हेंबरात, विधानसभेच्या तोंडावर, भाव चढले. महायुती म्हणाली २१००, महाविकास आघाडी म्हणाली ३०००. बोली संपली, शिरूरला अजितदादांचं घड्याळ आलं, दौंडला कमळ फुललं. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात योजनेला ३६ हजार कोटी ठेवले गेले, पण एकवीसशे काही सापडले नाहीत. विचारलं की उत्तर येतं, योग्य वेळी देऊ. घड्याळवाल्यांनाच वेळ सापडू नये, हे जरा जास्तच झालं.

दीड हजारांना नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही, हेही सांगून टाकते. पुण्यातल्या एसी खोलीत बसून ‘रेवडी’ म्हणणं सोपं असतं. खुरपणीला जाणाऱ्या बाईच्या हातात स्वतःच्या नावावरचे पैसे पडतात, त्यातून गॅसची टाकी येते, पोराच्या क्लासची फी जाते. पैसे खरे आहेत. खोट आहे ती नात्यात.

ती ई-केवायसीच्या वेळी दिसली. योजनेचा हेतू महिलांचं आर्थिक स्वावलंबन. पोर्टलवर बाईने आपला आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी द्यायचा. मग पोर्टल विचारणार, नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार? त्यांचाही ओटीपी? दौंडच्या एका केंद्रावर सकाळपासून रांगेत उभी असलेली बाई. नवरा कुरकुंभच्या केमिकल कंपनीत, मोबाईल गेटवर जमा. ओटीपी गेटवरच्या लॉकरात वाजला आणि तिथेच मेला. जेवणाच्या सुट्टीत दाजी फोनवर आले आणि पहिला प्रश्न, “कशाला पाहिजे?” मागच्या बाईचा नवरा तीन वर्षांपूर्वी वारलेला. तिने केंद्रवाल्या पोराला विचारलं, “आता वर फोन लावू का रे?” पुढे विधवा आणि घटस्फोटितांसाठी कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय झाली, मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. पण स्वावलंबन दाजींच्या मोबाईलवर येतं, हे तोवर सगळ्या रांगेला कळून चुकलं होतं.

त्याआधीच १४ हजारांहून जास्त पुरुषांनी ‘बहीण’ म्हणून पैसे उचलल्याचं जुलै २०२५ मध्ये उघड झालं. त्यांना कुणाच्या बायकोचा ओटीपी लागला नाही.

दौंड तालुक्यातल्या केडगावच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. केडगाव म्हणजे पंडिता रमाबाईंचं गाव. ज्या बाईने १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून हजेरी लावली आणि पुढे इथे माळावर मुक्ती सदन उभं करून, टाकलेल्या बायकांच्या हाती छापखाना दिला, तिच्या गावात वाढलेल्या. शरद पवारांचा पक्ष निघाल्यापासून, म्हणजे १९९९ पासून, या बाईंचं मत ठरलेलं. कारण भावनेचं नाही, हिशोबाचं होतं. देशातलं पहिलं महिला धोरण १९९४ ला शरद पवारांनी आणलं. मुलींना वडिलार्जित इस्टेटीत वाटा देणारी दुरुस्तीही महाराष्ट्रात त्याच वर्षी झाली, केंद्राला त्यासाठी २००५ उजाडलं. २०११ ला स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आल्या. “तेव्हा आम्हाला वारस म्हणत होते,” बाई म्हणाल्या, “आता बहीण म्हणतात. बहीण म्हटलं की माहेरची साडी घेऊन परत जायचं असतं.”

त्या आता कुणाला मत देणार, हे सांगत नाहीत. पक्ष फुटून घड्याळ एकीकडे आणि तुतारी दुसरीकडे गेली, तेव्हा निदान दोन्ही घरांत विचारपूस वाढेल अशी आशा होती. वाढले ते फक्त फ्लेक्स. लोकसभेला बारामतीत नणंद-भावजयीची लढत लागली, दौंडच्या बायकांना दोन्हीकडे बाईच. पण तिकीट वाटणारे हात ओळखीचेच होते. विधानसभेला तेही उरलं नाही. पुणे जिल्ह्यात २१ जागा, निवडून आलेली बाई एक, पर्वतीच्या माधुरी मिसाळ. राज्यात २८८ पैकी २१. संसदेने २०२३ ला ३३ टक्क्यांचा कायदा केला, तो जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर लागू होणार. म्हणजे तिथेही योग्य वेळ.

जिल्हा परिषदेत निम्म्या जागा आमच्या आहेत म्हणे. पण २०२२ पासून २०२६ च्या निवडणुकीपर्यंत तिथे प्रशासक बसला होता. शून्याचा निम्मा हिस्सा आम्ही इमानेइतबारे सांभाळला.

याच काळात, २०२५ च्या नोव्हेंबरात, शिरूरच्या पिंपरखेडला तर माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जात होती, बिबट्याने मान धरू नये म्हणून. त्यात बायकाही होत्या. गळ्यात मंगळसूत्र, त्यावर खिळ्यांचा पट्टा, हातात खुरपं. या बहिणीचा फोटो मात्र एकाही भावाने फ्लेक्सवर टाकला नाही.

२०२६ च्या जानेवारीत जिल्हा परिषदेची निवडणूक दारात आली आणि नेमकी संक्रांतही आली. गावोगाव हळदीकुंकू, पैठणीचा खेळ, उखाणे. महिला राखीव गटात ‘सौ.’ लहान अक्षरात आणि शेजारी साहेबांचा फोटो मोठा. वाण म्हणून स्टीलचा डबा, कुठे कुकर. शिक्षिका बाईंनाही आमंत्रण आलं. त्या गेल्या, तिळगूळ घेतला, डबा उघडून आत पाहिलं आणि भाऊंना माईकवरच विचारलं, “यात एबी फॉर्म नाही का ठेवलेला?”

भाऊ हसले. मग खिशातून मोबाईल काढून म्हणाले, “ताई, वरून विचारून सांगतो.”