रेडिओवरची मंडळी पुढं गेली कुठं?

३१ डिसेंबर २०१९ला मनोज नरवणे लष्करप्रमुख झाले. देशाला लष्करप्रमुख मिळाला आणि आमच्या शेजारच्या काकूंना मिळाला सुधाताईंचा मुलगा.

"अहो बाई, ऐकलंत का? आपल्या सुधा नरवण्यांचा पोरगा सगळ्यांत मोठा जनरल झाला!" काकू भिंतीवरून ओरडल्या. जन्म शाळेत शिकवण्यात गेल्यामुळे सगळी गल्ली मला बाईच म्हणते. काकू वयानं मोठ्या, तरी अहोजाहो करतात. चिडल्या की मात्र ‘अगं’वर येतात.

"आपल्या म्हणजे?"

"अगं, आपल्या म्हणजे आपल्या! पुण्याच्या बातम्या कोण द्यायचं? तुझ्या घरात काय मुका रेडिओ होता?"

मुका नव्हता. आमच्या करमाळ्याचं जिल्ह्याचं ठिकाण सोलापूर, पण एका अंगाला नगर, एका अंगाला पुणे, तिसऱ्या अंगाला परांडा. त्यामुळे आमचा काटा फिरत फिरत मीडियम वेव्हवर ७९२वर, म्हणजे पुण्यावर यायचा आणि तिथंच राहायचा. तिथून सुधा नरवणे घरात यायच्या. बातम्या द्यायच्या, कथाही लिहायच्या. यजमान हवाई दलात. काकूंनी या सगळ्याचा हिशेब लावून टाकला: "बाप हवाई दलात, आई आकाशवाणीत, आणि पोरगं गेलं पायदळात. घरात कुणीतरी जमिनीवर पाय ठेवायला नको?"

तेव्हापासून आमच्या भिंतीला हा एक विषयच झालाय. दुपारी भांडी झाली, की काकू पलीकडून शेंगा फोडत उभ्या. मी अलीकडे. अण्णा, म्हणजे काकूंचे यजमान, एसटीतून निवृत्त. ते ओसरीवर पेपर तोंडासमोर धरून बसतात आणि आपण ऐकत नाही असं दाखवतात. रेडिओवर बोलणारी ती सगळी माणसं पुढं गेली कुठं, कुणाचं काय झालं, कुणाची सून कोण, जावई कोण, याची उजळणी चालते. तोंडं कुणाचीच पाहिलेली नव्हती, म्हणून तर चौकशीला एवढी गोडी.

काकूंचं माहेर बार्शीचं. त्यामुळे यादीत पहिला मान जयराम कुळकर्ण्यांचा, त्यात तडजोड नाही. "आमच्या सुलाखे हायस्कूलचा मुलगा," असं त्या आजही म्हणतात. हा ‘मुलगा’ २०२०च्या मार्चमध्ये वारला, तेव्हा चांगला पिकल्या वयाचा होता. मराठी सिनेमात पोलिस अधिकारी म्हटलं की जयराम कुळकर्णी, असा एक काळ होता. लक्ष्या नि अशोक सराफ धिंगाणा घालणार आणि शेवटी हे टोपी सावरत येणार. पण त्याआधी पुण्याच्या आकाशवाणीत त्यांनी कितीतरी वर्षं नोकरी केली, हे किती जणांना ठाऊक आहे? मला विचाराल तर त्यांचा इन्स्पेक्टर रेडिओनंच घडवला. दुसरे सिनेमातले पोलिस आल्या आल्या आरडाओरडा करतात. हे आवाज न चढवता दरडावायचे. माइकसमोर ओरडून भागत नाही, आवाज फाटतो. तिथं श्वास कुठं घ्यायचा हेसुद्धा शिकावं लागतं, नाहीतर शब्दाऐवजी फुसफूसच घरोघरी पोचते.

"मृणाल कुलकर्णीचे सासरे ते," काकू दर वेळी सांगतात. जणू लग्न त्यांनीच जुळवलं होतं. "म्हणजे बघा, गो. नी. दांडेकरांची नात बार्शीकराच्या घरात पडली."

"नात पुण्यातच पडली, घर पुण्यातच होतं," अण्णा पेपरामागून.

"तुम्ही पेपर वाचा."

त्याच पुणे केंद्रावर व्यंकटेश माडगूळकर होते, ग्रामीण कार्यक्रमांचं बघायचे. यांच्या बाबतीत मात्र काकूंची सून मध्ये पडते, कारण तिचं माहेर म्हसवड. माणदेशातलं माणूस म्हटलं की ती हातातलं काम टाकून येते. ‘बनगरवाडी’ १९५५ची. एवढं लिहिलेला माणूस नोकरी सोडून फक्त लेखक होईल असं कुणालाही वाटलं असतं. पण यांनी उभी नोकरी आकाशवाणीतच काढली, शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम करत. थोरले बंधू गदिमा नोकरीत नव्हते, पण नाव त्यांचंही त्याच केंद्राला चिकटलं. केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ला आणि १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला तिथून गीतरामायण सुरू झालं. ५६ गाणी, वर्षभर, दर आठवड्याला एक. सीताकांत लाड या अधिकाऱ्यानं मित्राच्या मागे लागून ते करवून घेतलं. काकूंच्या सासूबाई तेव्हा रेडिओला हळदकुंकू वाहायच्या, असं काकू सांगतात. त्यांच्या सासूबाईंच्या गोष्टी सोयीप्रमाणे बदलतात, तरी ही मला खरी वाटते. तसं कितीतरी घरांत चालायचं.

सई परांजपे हा आमचा छोटा विषय. पुण्याच्या आकाशवाणीत निवेदिका म्हणून लागल्या, मुलांचे कार्यक्रम केले, पुढं दिल्लीला टीव्हीत, मग ‘स्पर्श’, ‘चष्मेबद्दूर’. काकूंना त्यांच्या सिनेमांपेक्षा त्या रँग्लर परांजप्यांची नात आहेत याचं जास्त. "अशा घरातली पोरगी रेडिओवर गेली, म्हणून आमच्यासारख्यांच्या पोरींना ‘जा’ म्हणायला तोंड झालं," असं एकदा बोलून गेल्या. काकूंना स्वतःला जायचं होतं की काय, कोण जाणे. मी विचारलं तर शेंगांची टरफलं झटकून आत गेल्या.

खरी रंगते ती ‘फुलराणी’ची गोष्ट. पु. ल. देशपांडेही आकाशवाणीतलेच. तिथं नोकरी केली, मग दिल्लीत १९५९ला टीव्ही आला तेव्हा तिकडे गेले, नेहरूंची मुलाखत घेतली आणि पुढं नोकरीला रामराम ठोकला. भक्ती बर्वेही आधी आकाशवाणीवर निवेदिका. मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ला दूरदर्शन सुरू झालं, तिथं त्या बातम्या द्यायला लागल्या. आता गंमत बघा. १९७५च्या सुमाराला ‘ती फुलराणी’ आलं. त्यात एका फुलं विकणाऱ्या पोरीचे उच्चार गावंढळ, तिला एक प्राध्यापक शुद्ध बोलायला शिकवतो. लिहिलं कुणी? आकाशवाणी सोडलेल्या माणसानं. केलं कुणी? जिच्या उच्चारात खडा सापडणार नाही अशा बातम्या देणाऱ्या बाईनं. रोज ‘ण’ला ‘ण’ म्हणायची सवय जिभेत मुरलेली, आणि रंगमंचावर गेल्यावर तीच जीभ वाकडी करून दाखवायची. चुकीचं बोलायला बरोबर बोलणारंच माणूस लागतं, हे काकूंचं मत. "आमच्या पलीकडच्या आळीतलीला ते काम दिलं असतं तर पहिला अंक ठीक, पण दुसऱ्याला काय केलं असतं?" पलीकडची आळी हा वेगळा विषय आहे, तो इथं नको.

२००१च्या फेब्रुवारीत भक्ती बर्वे गाडीच्या अपघातात गेल्या. काकूंनी त्या दिवशी भिंतीवरून नुसता हात केला, बोलल्या नाहीत.

मुंबईची मंडळी आमच्याकडे रात्रीची ऐकू यायची, तीही खरखरत. ‘पुन्हा प्रपंच’मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी आठवतात? नीलम प्रभू, प्रभाकर जोशी, बाळ कुडतरकर. मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू. त्यांचे यजमान बबन प्रभूही आकाशवाणीतले आणि ‘झोपी गेलेला जागा झाला’सारखे फार्स लिहून लोकांना खुर्चीवरून पाडणारे. बाळ कुडतरकरांचा आवाज पुढं थिएटरात सिनेमाआधीच्या माहितीपटांतून ऐकू यायचा. धरण बांधलं जातंय, गहू पिकतोय, मागं कुडतरकर. पडद्यावर धरण दिसायचं, माणूस नाही. रस्त्यात समोर आले असते तर आम्ही ओळखलं नसतं.

कवींचं आमच्या भिंतीवर फारसं चालत नाही. मंगेश पाडगावकर काही वर्षं मुंबई आकाशवाणीत होते, आरती प्रभूही थोडा काळ. मर्ढेकरांची तर नोकरीच तिथली, आणि कवितेवर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हाही ते नोकरीतच. त्यातून सुटले. काकूंचा त्यावर एकच प्रश्न: "पगार चालू होता ना?"

आणि हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. सैराट झाल्यापासून करमाळ्यात नाव कमावणं म्हणजे पडद्यावर दिसणं, असं पोरांनी ठरवूनच टाकलंय. जेऊरचा नागराज एवढा मोठा झाला म्हटल्यावर त्यांचंही काही चुकत नाही. पण रेडिओवर बोलून पोट भरलेली माणसं थोडी. मागच्या लग्नसराईत जेऊरला एका लग्नात हे कळलं. मंडपात सूत्रसंचालन करणारा गृहस्थ, पन्नाशीचा, जाकीट, गळ्यात उपरणं. मुहूर्त टळायला आला, नवरदेव मारुतीला गेलेला परत येईना, भटजी घड्याळाकडे बघतायत. दुसरा कुणी ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ करत बसला असता. हा गडी एक क्षण गप्प नाही. पाहुण्यांची नावं, कुणाच्या पोराची सापडलेली चप्पल, केमच्या कुंकवाची गोष्ट, कमलाभवानीच्या देवळाचे शहाण्णव खांब, पुन्हा पाहुण्यांची नावं. काकूंनी माझं कोपर ओढलं. "बाई, हा रेडिओवरचा आहे."

"कशावरून?"

"मधे मोकळं सोडत नाही बघा. रेडिओवर गप्प बसलं की लोकांना वाटतं सेल गेले."

पंगतीत काकूंनी त्याला गाठलंच. हो म्हणाला. कुठलं केंद्र ते मी लिहीत नाही. वीस-बावीस वर्षं ‘कॅज्युअल’ उद्घोषक होता. महिन्याला सहा पाळ्या, पाळीप्रमाणे पैसे, बाकीचे दिवस स्वतःचे स्वतः बघायचे. सहा दिवसांत काय होतं? म्हणून विम्याचं काम, शिकवण्या, आणि आता लग्नं, सत्कार, गणपती मंडळं. पहाटेच्या पाळीला अंधारात सायकल काढायची, संकेतधून वाजायच्या आत खुर्चीत बसायचं, ध्वनिमुद्रिका वेळेवर सुरू झाली नाही तर तेवढ्यात दोन वाक्यं सुचली पाहिजेत. गावोगावी श्रोते ओळखायचे, पत्रं यायची. "पण कागदावर मी तिथला कधी नव्हतोच," असं जिलेबीचा तुकडा मोडत म्हणाला. एकटा तोच नव्हे. देशभर असे हंगामी उद्घोषक कायम करा म्हणून कोर्टाच्या पायऱ्या चढले आहेत. माडगूळकर, पु. ल., सई परांजपे ही वर आलेली नावं. खाली अशी कितीतरी मंडळी मंगल कार्यालयांतून बोलतायत, आणि लग्नाच्या पत्रिकेत त्यांचं नाव ‘आपले नम्र’च्या यादीतही नसतं.

हे मी भिंतीवर बोलले तर सून म्हणाली, "बाई, सगळं उलटं का बघता? आमच्या म्हसवडला बघा." म्हसवडला २००८पासून माणदेशी तरंग वाहिनी आहे, ९०.४वर. तिथं केराबाई. चारचौघींसारखी खेड्यातली बाई, उतारवयात माइकसमोर बसली, गाणी रचून म्हणू लागली आणि आरजे केराबाई झाली. बाकीचे रेडिओवरून दुसरीकडे गेले, ही दुसरीकडचं सगळं करून रेडिओवर आली.

"तिला पगार..." काकूंनी सुरू केलं.

"आत्या, प्रत्येकाचा पगार काय विचारता?"

काकू जरा गप्प झाल्या. फार नाही. मग मुद्द्यावर आल्या. मोठ्या नातीचं लग्न ठरतंय, वैशाखात धरायचं म्हणतात. "बाई, त्या जेऊरवाल्याचा नंबर तुम्ही घेतला होता ना? विचारा किती घेतो ते. म्हणावं, आम्ही तुमचे जुने श्रोते आहोत, जरा कमी करा."

"श्रोते फुकटच ऐकत होते की," अण्णांनी पेपर खाली ठेवला. "आता तरी पुरते पैसे द्या त्याला."

"देऊ हो. पण आधी विचारा, मंगलाष्टकं त्यातच धरतो, की वेगळी लावतो."